किती कळले म्हणजे पुरे? : ख्वाजा नसीरुद्दीन तुसी

रमजान सुरू झाला की मशिदीच्या दारावर, किराणा दुकानाच्या काउंटरवर आणि घरातल्या फ्रिजवर सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक चिकटवलेले दिसते. त्यातला एक मिनिटही इकडचा तिकडे होऊ नये याची काळजी सगळेच घेतात. पण हा मिनिट ठरतो कसा, असे सहसा कोणी विचारत नाही.

तो ठरतो त्रिकोणावरून. आकाशात तीन बिंदू धरायचे : उत्तर ध्रुव, आपल्या बरोबर डोक्यावरचा बिंदू म्हणजे खस्वस्तिक, आणि सूर्य. हे तीन बिंदू जोडले की आकाशाच्या घुमटावर एक त्रिकोण तयार होतो. ध्रुवापासून खस्वस्तिकापर्यंतची बाजू गावाच्या अक्षांशावरून मिळते. मुंबई १९ अक्षांशावर, म्हणून ती ७१ अंश. ध्रुवापासून सूर्यापर्यंतची बाजू तारखेवरून कळते. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती लांब हवा, ही तिसरी बाजू. ती मगरिबसाठी ९० अंशांहून किंचित जास्त धरतात. फजरसाठी सूर्य क्षितिजाच्या खाली साधारण १८ अंश मानला, तर १०८. तीन बाजू हातात आल्या की ध्रुवापाशी होणारा कोन एकच निघतो आणि दर १५ अंशांना एक तास या हिशेबाने त्यातून वेळ मिळते.

तीनच बाजू का? दोन का पुरत नाहीत? चौथी गोष्ट का लागत नाही? त्रिकोणाविषयी किती आणि कोणती माहिती असली म्हणजे तो पक्का ठरतो, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचा सपाट कागदावरचा आणि गोलावरचा असा दोन्हीकडचा हिशेब ज्यांनी शिस्तीने मांडला, त्यांत ख्वाजा नसीरुद्दीन तुसी यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचे आयुष्य मात्र शांत अभ्यासिकेत गेले नाही. डोंगरी किल्ले, मंगोल स्वाऱ्या आणि जळती शहरे यांच्या मधोमध बसून त्यांनी हे काम केले.

तूस ते मोसूल

मुहम्मद इब्न मुहम्मद इब्न हसन हे त्यांचे नाव. जन्म १२०१ साली, हिजरी सन ५९७ मध्ये, खुरासानातल्या तूस शहरात. म्हणून ते तुसी. शाहनामा लिहिणारे फिरदौसी याच तूसचे आणि इमाम गझालीही इथलेच. घराणे इमामी शिया पंथाचे, वडील शरियतचे जाणकार. मुलाने केवळ धर्मशास्त्रावर थांबू नये, जे जे इल्म मिळेल ते घ्यावे, असे वडिलांना वाटे. लहानपणी त्यांना गणित शिकवायला कमालुद्दीन मुहम्मद हासिब नावाचे उस्ताद लाभले. हासिब म्हणजे हिशेब जाणणारा, गणिती.

पुढच्या शिक्षणासाठी ते निशापूरला गेले. हे शहर तेव्हा विद्येचे मोठे केंद्र होते. उमर खय्याम याच शहरात जन्मले आणि इथेच दफन झाले. तरुण तुसींनी इथे फरीदुद्दीन दामाद यांच्याकडे फलसफा म्हणजे तत्त्वज्ञान घेतले आणि कुतबुद्दीन मिसरी यांच्याकडे इब्न सीना यांच्या वैद्यकाचा अभ्यास केला. पण काळ कठीण होता. चंगेजखानाच्या फौजा खुरासानात उतरल्या होत्या आणि १२२१ मध्ये निशापूर उद्ध्वस्त झाले. मदरसे, ग्रंथालये, उस्ताद, शागिर्द, सारेच त्यात गेले.

तुसी पश्चिमेकडे इराकच्या दिशेने वळले. मोसूलमध्ये कमालुद्दीन इब्न युनूस हे नामवंत गणिती होते. त्यांच्यापाशी तुसींचे गणित आणि ज्योतिर्विद्येचे शिक्षण पक्के झाले. विशी ओलांडलेल्या या तरुणाजवळ आता भरपूर इल्म होते. पण ज्या मुलुखात परतायचे तो मुलूखच उरला नव्हता.

किल्ल्यांतली वर्षे

अशा वेळी आसरा मिळाला तो निझारी इस्माइलींच्या डोंगरी किल्ल्यांत. मंगोल लाट अजून तिथवर पोहोचली नव्हती. कुहिस्तानचा इस्माइली सुभेदार नसीरुद्दीन अब्दुर्रहीम हा विद्येचा चाहता होता. त्याने तुसींना बोलावून घेतले. १२३५ च्या सुमारास त्याच्या नावाने तुसींनी ‘अख्लाक-ए-नासिरी’ हा नीतिशास्त्रावरचा फारसी ग्रंथ लिहिला. व्यक्ती, घर आणि राज्य यांनी कसे वागावे हे सांगणारा हा ग्रंथ पुढे हिंदुस्थानात मोगल दरबारातही आदराने वाचला जाई. नंतर तुसी अलमूतच्या प्रसिद्ध किल्ल्यावर गेले आणि १२५६ पर्यंत तिथल्या मुलुखातच राहिले.

याच काळात त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. ग्रीक गणिताचे जे ग्रंथ अरबीत आले होते, त्यांच्या अनेक प्रती फिरत होत्या. कुठे भाषांतर वेगळे, कुठे सिद्धांतांची संख्या वेगळी, कुठे आकृती चुकलेली. तुसींनी हे ग्रंथ एकेक करून स्वच्छ केले. अशा शुद्ध केलेल्या मांडणीला ‘तहरीर’ म्हणतात. १२४७ मध्ये टॉलेमीच्या ‘अल-मजिस्ती’ची तहरीर पूर्ण झाली आणि १२४८ मध्ये, हिजरी ६४६ च्या शाबान महिन्यात, युक्लिडच्या भूमितीची. या ग्रंथाचे नाव ‘तहरीर उसूल उक्लीदिस’.

युक्लिड इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा. त्याच्या ग्रंथाची अरबी भाषांतरे दोन परंपरांतून चालत आली होती. एक हज्जाज यांची, दुसरी इसहाक इब्न हुनैन यांची आणि ती साबित इब्न कुर्रा यांनी सुधारलेली. तुसींनी दोन्ही समोर ठेवल्या. हज्जाजच्या प्रतीत ४६८ सिद्धांत, साबितच्या प्रतीत १० अधिक. कोणता सिद्धांत कोणत्या प्रतीत कितव्या क्रमांकाचा, हे वाचकाला कळावे म्हणून त्यांनी क्रमांकही वेगवेगळ्या शाईने दिले. जिथे सिद्धतेला दुसरा मार्ग असेल किंवा आकृती वेगळ्या तऱ्हेने पडू शकत असेल, तिथे आपली टीप जोडली. एका शक्यतेवर सिद्धांत उभा राहिला म्हणजे तो सगळ्या शक्यतांवर उभा राहिला, असे ते गृहीत धरत नसत.

दोन त्रिकोण कधी एकरूप?

युक्लिडच्या पहिल्याच मकाल्यात, म्हणजे प्रकरणात, त्रिकोणांच्या एकरूपतेचा प्रश्न येतो. त्रिकोणाची मापे सहा : तीन बाजू आणि तीन कोन. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी बाजूला ज़िलअ म्हणतो आणि कोनाला ज़ाविया. हे दोन्ही शब्द तुसींच्या अरबीतलेच. दोन त्रिकोण तंतोतंत सारखे आहेत हे दाखवायला सहाही मापे जुळवून पाहावी लागतील का? तसे असेल तर भूमितीचे काम फार जड होईल. शेतमोजणीला किंवा ताऱ्यांच्या हिशेबाला सहा मापे क्वचितच हाती लागतात.

युक्लिडचे उत्तर असे की नेमकी निवडलेली तीन मापे पुरतात. मराठी शाळेत याच उत्तराला कसोट्या म्हणतात आणि मुले त्यांची नावे कवितेसारखी पाठ करतात. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन, ही बाकोबा कसोटी. ती पहिल्या मकाल्यातला चौथा सिद्धांत. तिन्ही बाजू, ही बाबाबा कसोटी, आठवा सिद्धांत. दोन कोन आणि एक बाजू, म्हणजे कोबाको आणि कोकोबा. या दोन्ही सव्विसाव्या सिद्धांतात येतात.

बाकोबा का पुरते हे दाराच्या बिजागरीवरून कळते. दोन पट्ट्या एका टोकाशी बिजागरीने जोडल्या आणि मधला कोन पक्का केला, तर मोकळ्या टोकांमधले अंतर आपोआप ठरते. तिसऱ्या बाजूला निवडीची मुभाच उरत नाही. बाबाबाचेही तसेच. तीन काठ्या टोकाला टोक जोडून बांधल्या की सांगाडा हलत नाही. चार काठ्यांचा चौकोन मात्र हाताने दाबला की तिरका होतो. म्हणून छपराच्या कैचीत आणि लोखंडी पुलात त्रिकोण दिसतात.

पण कोणतीही तीन मापे चालत नाहीत, आणि खरी पारख इथे आहे. दोन बाजू दिल्या आणि कोन दिला, पण तो कोन त्या दोन बाजूंमधला नसून एका बाजूच्या टोकाचा असला, तर काय होते? समजा कोन ३० अंशांचा, त्याला लागून असलेली बाजू १० सेंटिमीटर आणि समोरची बाजू ६ सेंटिमीटर. कागदावर काढून पाहावे. १० सेंटिमीटरच्या टोकावरून ६ सेंटिमीटरचा कंस मारला की तो समोरच्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो. एका त्रिकोणाची तिसरी बाजू सुमारे १२ सेंटिमीटर येते, दुसऱ्याची सुमारे ५.३. दोन्ही त्रिकोण दिलेल्या मापांशी प्रामाणिक, तरी एकमेकांपासून वेगळे. समोरची बाजू ५ असती तर कंस रेषेला एकाच बिंदूत टेकला असता, काटकोन झाला असता आणि त्रिकोण एकच मिळाला असता. ती ४ असती तर कंस रेषेपर्यंत पोहोचलाच नसता. म्हणून युक्लिडच्या पहिल्या मकाल्यात ही कसोटी नाही. शाळेतली कर्णभुजा कसोटी चालते ती दिलेला कोन काटकोन असतो म्हणून.

दुसरी फसवी जागा तीन कोनांची. तिन्ही कोन जुळले की मुले चटकन त्रिकोण एकरूप म्हणून मोकळी होतात. पण ६०-६०-६० चा त्रिकोण नखाएवढाही असतो आणि मैदानाएवढाही. कोनांतून आकार कळतो, माप कळत नाही. असे त्रिकोण समरूप असतात. एकरूप असतीलच असे नाही.

गोलावरचे वेगळे उत्तर

इथपर्यंतची गोष्ट सपाट कागदाची. पण नमाजाची वेळ, किब्ल्याची दिशा, ताऱ्याची जागा हे सारे गोलावरचे प्रश्न आहेत. गोलावर त्रिकोणाच्या बाजू सरळ रेषा नसतात, त्या मोठ्या वर्तुळांचे कंस असतात. मग कागदावरच्या कसोट्या तिथे चालतील का?

या प्रश्नाला हात घालणारा जुना ग्रंथ अलेक्झांड्रियाच्या मेनेलाउसचा, इसवी सन १०० च्या आसपासचा. त्याचे मूळ ग्रीक हरवले आणि तो अरबीतच टिकला. तुसींनी १२६५ मध्ये त्याचीही तहरीर केली. त्यात एक चकित करणारा सिद्धांत आहे : गोलावर तीन कोन जुळले तर त्रिकोण एकरूपच असतात. कागदावर जी माहिती अपुरी, तीच गोलावर पुरेशी.

याचे कारण एका उदाहरणाने समजते. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुव घ्यावा. तिथून काटकोनात दोन रेखावृत्ते खाली विषुववृत्तापर्यंत आणावीत. जो त्रिकोण झाला त्याचे तिन्ही कोन ९० अंशांचे आणि त्याने पृथ्वीचा बरोबर आठवा भाग व्यापला. आता तीन काटकोनांचा याहून लहान त्रिकोण त्याच गोलावर काढू म्हटले तर काढता येत नाही. त्रिकोण लहान केला की कोनही लहान होतात. गोलावर कोनांची बेरीज १८० हून जास्त असते, आणि ती किती जास्त यावर त्रिकोणाचे क्षेत्रफळ ठरते. म्हणजे कोन कळले की मापही कळले.

तुसींचे या विषयावरचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘शक्ल अल-कत्ता’वरचा ग्रंथ. तो त्यांनी आधी फारसीत लिहिला आणि १२६० मध्ये अरबीत सिद्ध केला. शक्ल अल-कत्ता म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या चार कंसांची आकृती. मेनेलाउसपासून गोलावरचे हिशेब याच आकृतीने होत. अडचण अशी की तिच्यातल्या नात्यात सहा राशी असतात. पाच माहीत असल्या तरच सहावी मिळते. दहाव्या-अकराव्या शतकातल्या गणितींनी सोपी वाट काढली. त्रिकोणाच्या बाजूंच्या ज्या आणि समोरच्या कोनांच्या ज्या एकाच प्रमाणात असतात, हा तो नियम. यात चारच राशी. तीन माहीत असल्या की चौथी हाती. या नियमाला ‘अल-मुग्नी’ म्हणत, म्हणजे जुन्या आकृतीची गरज संपवणारा.

हा नियम पहिल्यांदा कोणी शोधला यावर वाद होता. अबुल वफा बूजजानी, अबू नसर इब्न इराक आणि खुजंदी, तिघांची नावे घेतली जात. तुसींनी आपल्या ग्रंथात हा वाद नोंदवला, प्रत्येकाला त्याचे श्रेय दिले आणि मग स्वतःचे काम केले. त्रिकोणात कोणती मापे दिली असता उरलेली कशी काढायची, याच्या सगळ्या शक्यता त्यांनी ओळीने घेतल्या. काटकोनी गोलीय त्रिकोणाच्या सहा, आणि मग इतर त्रिकोणांच्या. तिन्ही कोन दिलेले असतानाही बाजू कशा काढायच्या, हेही त्यात आले. तोवर त्रिकोणाचे हे गणित ज्योतिर्विद्येच्या ग्रंथात परिशिष्टासारखे येई. तुसींनी त्याला स्वतंत्र शास्त्राची जागा दिली.

किब्ल्याचा प्रश्न या शास्त्रात चपखल बसतो. आपले गाव, मक्का आणि उत्तर ध्रुव हे त्रिकोणाचे तीन कोपरे. ध्रुवापासून दोन्ही ठिकाणांची अंतरे अक्षांशांवरून कळतात. त्या दोन बाजूंमधला ध्रुवापाशीचा कोन रेखांशांच्या फरकातून मिळतो. ही सरळ बाकोबा. त्यातून गावापाशी जो कोन निघतो ती किब्ल्याची दिशा. मुंबईचा अक्षांश १९ आणि मक्केचा सुमारे साडेएकवीस. नकाशा पाहून कोणीही म्हणेल की किब्ला जवळपास पश्चिमेलाच. हिशेब केला तर तो पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १० अंश कललेला निघतो.

मरागाची टेकडी

१२५६ मध्ये चंगेजखानाचा नातू हुलागू इराणात उतरला. इस्माइली इमाम रुक्नुद्दीन खुरशाहने शरणागती पत्करली, किल्ले पाडले गेले आणि तुसी हुलागूच्या पदरी आले. दोन वर्षांत, १२५८ मध्ये, बगदाद पडले. अब्बासी खलीफा मुस्तासिम मारला गेला. शहरात जी कत्तल झाली तिची आठवण मुस्लिम जगातून कधी पुसली नाही. तुसी त्या वेळी हुलागूच्या छावणीत होते.

पुढच्याच वर्षी, १२५९ मध्ये, आजच्या वायव्य इराणमधल्या मरागा शहराजवळच्या टेकडीवर वेधशाळेचे काम सुरू झाले. हुलागूने तुसींकडे वक्फ संपत्तीचा कारभार सोपवला होता. त्या उत्पन्नातून वेधशाळा, ग्रंथालय आणि विद्वानांचे पगार चालत. दमास्कसचे मुअय्यदुद्दीन उर्दी उपकरणे घडवायला आले. कझवीनचे नजमुद्दीन कातिबी, पश्चिमेकडून आलेले मुहियुद्दीन मगरिबी, तरुण कुतबुद्दीन शिराझी असे अनेक जण तिथे जमले. ख्रिस्ती धर्मगुरू आणि सिरियाक भाषेतले पंडित बार हेब्रायस यांनी १२६८ मध्ये मरागात युक्लिड शिकवला. ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असे जुने लेखक लिहितात. इब्न अल-फुवती हा बगदादचा मुलगा शहर पडले तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि कैदी म्हणून नेला गेला. सुटल्यावर तो तुसींकडे आला, शिकला आणि त्याच ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला.

हुलागूविषयी एक किस्सा जुन्या पुस्तकांत येतो. नशिबात असेल ते टळत नाही, मग तारे जाणून फायदा काय, असे त्याने विचारले. तुसींनी गुपचूप एका माणसाला उंचावरून तांब्याचे मोठे भांडे खाली टाकायला सांगितले. आवाजाने छावणीत गोंधळ उडाला, शिपाई सैरावैरा पळाले. हुलागू आणि तुसी मात्र बसल्या जागी शांत राहिले, कारण काय होणार हे त्यांना आधी ठाऊक होते. ज्ञानाचा फायदा हाच, असे तुसींनी समजावले.

इथेही माहिती किती पुरे, हा प्रश्न समोर आलाच. ग्रहांची नवी कोष्टके करायची तर शनीची एक फेरी पुरी पाहिली पाहिजे आणि तिला जवळजवळ ३० वर्षे लागतात. तुसींनी तेवढा काळ मागितला. हुलागूला इतका धीर नव्हता. त्याने १२ वर्षे दिली. मग स्वतःचे वेध आणि जुन्या ज्योतिर्विदांच्या नोंदी जोडून काम पुढे नेण्यात आले. हुलागू १२६५ मध्ये वारला आणि ‘ज़ीज-ए-इलखानी’ ही कोष्टके त्याचा मुलगा अबाका याच्या काळात, १२७२ च्या सुमारास पूर्ण झाली. या दरम्यान लिहिलेल्या ‘तज़किरा’ ग्रंथात तुसींनी दोन वर्तुळांच्या फिरण्यातून सरळ रेषेतली गती मिळवून दाखवली. तीच रचना १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथातही दिसते.

तुसींच्या न्यायाचा प्रश्न

त्रिकोणाचा निवाडा तीन मापांवर होतो. माणसाचा कशावर करायचा? तुसींच्या बाबतीत हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

ते इस्माइली किल्ल्यांत खुशीने राहिले की अडकून पडले? एका आत्मपर पुस्तिकेत इस्माइली शिकवणीकडे आपण कसे वळलो हे ते सांगतात. इब्न सीनांच्या ‘इशारात’वरील भाष्याच्या शेवटी मात्र आपण दुःखांनी वेढलेल्या जागी हे लिहिले असा शोक करतात. किल्ले पडल्यावर त्यांनी ‘अख्लाक-ए-नासिरी’ची प्रस्तावना बदलली आणि आधीची स्तुती परिस्थितीमुळे केली होती, असे सुचवले. हे सगळे पुरावे खरे आहेत. त्यांवरून एक तुसी असा उभा राहतो जो आश्रयदात्यांशी एकनिष्ठ होता आणि वारा फिरताच फिरला. त्याच पुराव्यांवरून दुसराही उभा राहतो, जो वर्षानुवर्षे मन मारून राहिला आणि सुटताच बोलला.

बगदादचेही तसेच. इब्न तैमिया आणि इब्न अल-कय्यिम यांनी तुसींवर कठोर आरोप केले. खलिफाच्या वधात त्यांचा सल्ला होता असे मानले. दुसऱ्या बाजूचे लेखक सांगतात की मंगोलांच्या तावडीतून विद्वान आणि ग्रंथ वाचवणारा माणूस तोच होता. हुलागूच्या छावणीत तुसी हजर होते, हे पक्के. मरागात ग्रंथ आणि माणसे जमली, हेही पक्के. पण मनात काय होते, हे माप कोणाच्याच हाती नाही. ३० अंशांचा कोन, १० आणि ६ च्या बाजू दिल्यावर दोन त्रिकोण होतात. त्यांतला एकच खरा म्हणून आग्रह धरायला आणखी एक माप लागते.

याचा अर्थ काहीच सांगता येत नाही असा मुळीच नाही. काही गोष्टींना पुरेशी माहिती आहे. त्यांच्या ‘तजरीद’ या इमामी अकीद्यावरच्या ग्रंथावर शिया विद्वानांनी भाष्ये लिहिली, तशी सुन्नी विद्वान अली कुशजी यांनीही लिहिली. मतभेद असूनही पुस्तक वाचायचे, समजून घ्यायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही रीत त्या काळच्या मदरशांत होती.

मागे काय उरले

२६ जून १२७४ रोजी, हिजरी ६७२ च्या ज़िलहिज्जात, बगदादमध्ये तुसींचे निधन झाले. इमाम मूसा काज़िम यांच्या दर्ग्यात, काज़िमैन इथे त्यांना दफन केले गेले. मुलगा सदरुद्दीन याने वेधशाळेचे काम सांभाळले. पुढे वेधशाळा ओस पडली. आज त्या टेकडीवर पायाचे अवशेष आहेत.

ग्रंथ मात्र दूरवर पोहोचले. १५९४ मध्ये रोममध्ये युक्लिडची एक अरबी तहरीर तुसींच्या नावावर छापली गेली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा तो ग्रंथ १२९८ सालचा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचा निघाला. विषय तोच, नावही तेच, तरी माणूस दुसरा. तुसींची खरी तहरीर हिंदुस्थानात आली आणि अठराव्या शतकात लखनऊच्या फिरंगी महलमध्ये घडलेल्या दर्स-ए-निज़ामी अभ्यासक्रमात तिचा पहिला मकाला नेमला गेला. एकरूपतेचे सगळे सिद्धांत त्याच मकाल्यात आहेत. कुराण, हदीस आणि फिकहबरोबरच मदरशातली मुले बाकोबा आणि बाबाबाच्या सिद्धता शिकत होती.

त्याच शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी तुसींच्या अरबी तहरीरवरून ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. काळ १७१८ च्या सुमाराचा, प्रकरणे १५. टॉलेमीच्या तुसीकृत तहरीरलाही त्यांनीच संस्कृतात आणले. ‘रेखागणित’ छापून निघाला तो मुंबईत. कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली, १९०१-०२ मध्ये, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत. ग्रीक युक्लिड, अरबी तुसी, संस्कृत जगन्नाथ असा हा प्रवास आहे आणि प्रत्येक मुक्कामी भाषा बदलली तरी सिद्धांत तेच राहिले.

आज महाराष्ट्रातली मुले मराठी शाळेत एकरूप त्रिकोण शिकतात आणि उर्दू शाळेत मुसल्लस. दोन्हीकडे परीक्षेत गुण एकाच गोष्टीचे मिळतात : दिलेली माहिती कोणती ते लिहा, कसोटी कोणती ते सांगा, मगच दोन्ही त्रिकोण एकरूप म्हणा. कोन कोणत्या बाजूंमधला आहे हे न पाहता जो निष्कर्ष लिहितो, त्याचे गुण जातात. एखाद्या माणसाविषयी, जमातीविषयी किंवा काळाविषयी ठाम बोलण्याआधीही हीच तीन पायऱ्यांची शिस्त पाळता येते. तुसींना त्यांच्या हयातीत आणि नंतरही ती फार थोड्यांनी दिली. त्यांचे पुस्तक मात्र ती शिस्त साडेसातशेहून अधिक वर्षे शिकवत आले आहे.